गादीच्या दुकानावरच्या फरहत मॅडम

फरहत मॅडमनी मला आयुष्यात सगळ्यात जास्त काय दिलं असेल, तर लवंगा. दर शनिवारी एक. खोलीत शिरलं की त्या स्टीलच्या छोट्या डबीतून लवंग काढायच्या, माझ्या तळहातावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "काका, ही तोंडात धरा. चावायची नाही, गिळायची नाही. तिखट लागली की समजा, बोलायची वेळ आली होती आणि तुम्ही बोलला नाहीत."

आता मला गप्प बसवणं हे सोपं काम नाही. आमच्या घराण्यात लग्न असो, बारसं असो, मातीला गेलेली माणसं परत येऊन ओसरीवर बसलेली असोत, गोष्ट सांगायचं काम माझ्याकडं असतं. कुणी नेमून दिलेलं नाही, मीच घेतलेलं आहे. बायको म्हणते, तुम्हाला कुणी 'किती वाजले' विचारलं तर तुम्ही घड्याळ कुठून घेतलं इथपासून सुरू करता. लातूरला एका सरकारी कचेरीत मी नोकरी करतो आणि तिथंही माझ्या टेबलापाशी येताना लोक आधी आपली बस किती वाजता आहे ते बघून येतात. अशा माणसाला एका लवंगेवर तासभर बसवायचं म्हणजे काय, हे मॅडमना जमलं. दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही.

त्यांची खोली जुन्या नांदेडात, गादीच्या दुकानाच्या वर. दुकान त्यांच्या अब्बांचं. खाली कापूस पिंजायचं मशीन, उशांचे अभ्रे, गाद्यांच्या चळती. बाजूनं अरुंद जिना. जिन्याच्या तोंडाशी पाटी होती, 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट'. ती पाटी कुणी वाचत नसे. गल्लीत विचारलं तर लोक म्हणायचे, "गादीवाल्याची पोरगी ना? वर जा." पोरगी पन्नाशीची होती. ठेंगणी, भरल्या अंगाची, चष्मा कपाळावर चढवलेला आणि हात कायम चष्मा शोधत असलेला. ओढणीवर कापसाचा एखादा पुंजका हमखास. वर खोलीत खुर्ची नव्हतीच. भिंतीला लागून जाड गाद्या, त्यावर सगळ्यांनी बसायचं. बौद्धिक वाढ सावकाश असलेली मुलं, मुली, विशी-पंचविशीतली तरणीताठी पोरं आणि त्यांना घेऊन आलेले आमच्यासारखे. मोठमोठे लोक यायचे आणि मांडी घालता येत नाही म्हणून लोडाला टेकून आडवे व्हायचे.

त्यातला एक पुढारी मला चांगला आठवतो. मुलाला घेऊन आला होता. पायऱ्या चढतानाच मोबाइलवर कुणाला तरी झापत होता. मॅडमनी त्यालाही लवंग दिली. त्यानं ती कडाकडा चावून खाल्ली आणि म्हणाला, "हां, बोला मॅडम." मॅडमनी दुसरी दिली. तीही खाल्ली. तिसऱ्या लवंगेला त्याचे डोळे भरून आले, तेव्हा कुठं मुलगा हसला आणि बापाच्या पाठीवर थापटत म्हणाला, "पप्पा, पानी." मॅडम म्हणाल्या, "ऐका. हे तुमच्यासाठी बोलले."

लक्षात घ्या, 'हे बोलले'. पोर असो की पुढारी, खोलीत मॅडम सगळ्यांना अहो-जाहो करायच्या. पण पोरांना जरा जास्तच. ज्याला घरात सगळे 'येडं' म्हणतात, त्याला त्या 'या, बसा, कसा झाला प्रवास' म्हणायच्या, आणि म्हणून थांबायच्या. हे थांबणं म्हणजेच मॅडम. प्रश्न विचारून झाला की त्या हात मांडीवर ठेवून समोर बघत बसायच्या. खाली मशीन घरघरायचं, रस्त्यावरून भाजीवाला जायचा, पोराचं लक्ष छताला, आईबापाचा जीव कासावीस. मॅडम थांबलेल्या. कुणी मध्ये पडलं तर एवढंच म्हणायच्या, "जवाब त्यांचा आहे. त्यांना देऊ द्या."

आणि ही बाई खोलीबाहेर आली की तिच्याइतकी उतावीळ बाई अख्ख्या नांदेडात शोधून सापडली नसती. रिक्षावाला सुट्टे शोधायला लागला की ती निघून गेलेली असायची. चहा निवायला धीर नाही म्हणून बशीत ओतायच्या आणि बशीतलाही पोळून घ्यायच्या. एकदा खाली दुकानात अब्बा मला म्हणाले होते, "इसका सबर पूरा उप्परच खतम होता, साब. नीचे आने तक कुछ नै बचता." मॅडम तेव्हा पायरीवर उभ्या राहून समोरच्या दूधवाल्याला, दोन मिनिटांत येतो म्हणून तू कुठं मेला होतास, असं विचारत होत्या.

आम्ही त्यांच्याकडे गेलो ते दत्तामुळं.

दत्ता माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. दादा आणि वहिनी रेणापूरजवळ गावी असतात, शेती आहे. दत्ता तेव्हा एकवीस-बावीसचा. उंचापुरा, दाढी-मिशी फुटलेला, पण समज पाच-सहा वर्षांच्या पोराएवढी. बोलणं कमी, एकेक शब्द. म्हशीला पाणी दाखवायचा, सरपण आणायचा, पारावर बसायचा. गावात त्याचा कुणाला त्रास नव्हता. सगळ्यात गट्टी माझ्या वडलांशी, आबांशी. आबा आणि तो एका ताटात जेवायचे. आबा शेतात गेले की हा मागं, आबा न्हाव्याकडं गेले की हा शेजारी, आणि न्हाव्यानं आबांची दाढी केली की हा आपली हनुवटी पुढं करायचा.

आबा गेले त्यानंतर काही महिन्यांनी दत्ताचं बिघडलं. दाराच्या चौकटीवर कपाळ आपटायचा. रक्त येईपर्यंत आपटायचा. वहिनी माहेरी निघाल्या तर त्यांचा हात चावला. दादा बाजाराला निघाला तर त्याची थैली हिसकून आडात टाकली. जेवण सुटलं. आमची थोरली अक्का, म्हणजे माझी बहीण, विधवा झाल्यापासून दादाकडंच असते आणि घर तिच्या शब्दावर चालतं. ती म्हणाली, बाहेरचं हाय. अंगारे झाले, उतारे झाले. लातूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यानं तो दिवसभर झोपायचा आणि उठला की पुन्हा चौकट. शेवटी कुणीतरी लांबच्या एका संस्थेचा पत्ता काढला. तिथं अशांना कायमचं ठेवून घेतात. दादा जाऊन बघून आला. आला तो दोन दिवस शेतावरच राहिला. पण ठरलं होतं. दिवाळी झाली की दत्ताला तिथं सोडायचं. वहिनींनी त्याच्यासाठी नवे सदरे शिवायला टाकले आणि शिंप्याकडून येताना रस्त्यातच रडत बसल्या.

त्या गोळ्यावाल्या डॉक्टरांनीच सांगितलं, सोडायच्या आधी एकदा नांदेडच्या मॅडमना दाखवा. मला शनिवार-रविवार सुट्टी, तेव्हा हे काम माझ्याकडं आलं. दादा शुक्रवारी दत्ताला लातूरला माझ्याकडं आणून सोडायचा, शनिवारी सकाळी मी त्याला घेऊन अहमदपूर, लोह्यावरून नांदेडला.

पहिल्या दिवशी मॅडमनी नाव विचारलं.

"दत्ता," मी म्हणालो.

"तुमचं नाव दत्ता?"

"माझं नाही, ह्याचं."

"मी ह्यांना विचारलं होतं." आणि पहिली लवंग आली.

मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. मी आयुष्यात इतका वेळ गप्प बसलो नव्हतो. माझ्या लग्नात अंतरपाटामागंसुद्धा मी भटजींशी बोलत होतो. शेवटी दत्ता गादीकडं बघत म्हणाला, "दत्तात्रय." हे पूर्ण नाव त्याला येतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून मॅडम त्याला दत्तात्रयराव म्हणायला लागल्या आणि तो ताठ बसायला लागला.

पहिले दोन-तीन शनिवार काही झालं नाही. निदान मला तरी काही होताना दिसलं नाही. दत्ता कापूस विंचरायचा, मॅडम बघायच्या. रविवारी दत्ताला गावी पोचवायला गेलो की मी अक्काला सांगायचो, बाई चांगली हाय, पण काम काय करते ते कळत नाही. अक्का म्हणायची, "तुला गप बसवती म्हनतोस ना? मंग लई मोठी बाई हाय."

मग एका शनिवारी मॅडम काहीतरी आणायला खाली निघाल्या. उठल्या, खुंटीवरची पर्स खांद्याला लावली, आणि दत्ता उठला तो सरळ भिंतीवर कपाळ आपटायला लागला. मी धावलो. मॅडमनी मला हातानं थांबवलं, एक उशी उचलली आणि त्याचं कपाळ आणि भिंत यांच्या मध्ये धरली. ओरडल्या नाहीत, ओढलं नाही. उशी धरून उभ्या. तो उशीवर आपटत राहिला. दमला तेव्हा त्या खाली बसल्या, पर्स काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं ती दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"दत्तात्रयराव," मॅडम म्हणाल्या, "पिशवी घेऊन कोण गेलं?"

आणि थांबल्या.

मला उत्तर माहीत होतं असं नाही. पण माझ्या तोंडात लवंग नसती तर मी काहीतरी उत्तर नक्की दिलं असतं, आणि ते चुकीचं असतं.

"आबा," दत्ता म्हणाला.

मॅडम थांबलेल्याच.

"पिशवी आली," दत्ता म्हणाला. "आबा न्हाई."

लवंग कधी गिळली ते मला कळलं नाही.

झालं होतं असं. आबांना छातीत दुखायला लागलं तेव्हा लातूरच्या दवाखान्यात आणलं. निघताना आबांनी कापडी पिशवीत धोतर, टॉवेल, तंबाखूची डबी घेतली. दत्ता फाट्यापर्यंत जीपमागं पळाला. आबा दवाखान्यातच गेले. अंत्यविधीला दत्ता बिथरेल म्हणून अक्कानं ठरवलं की त्याला तिथून हलवायचा. धाकटी बहीण इस्लापूरला असते, तिच्या नवऱ्यानं त्याला उचलून नेलं. तेरा दिवस तो तिकडं होता. सहस्रकुंडाचा धबधबा बघितला, जिलेबी खाल्ली. परत आला तोवर सगळं आवरलेलं. आबांच्या मरणाचा घरात एकच पुरावा उरला होता, तो म्हणजे माझं आणि दादाचं टक्कल, आणि ते बघून दत्ता खूप हसला. तो पुरावाही महिन्याभरात उगवून आला. दादाचा दाट, माझा जेमतेम.

आबा कुठं हाय, असं त्यानं विचारलं तेव्हा अक्का म्हणाली, "गावाला गेलेत." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि आबांची पिशवी दवाखान्यातून आली होती, ती वहिनींनी धुऊन नेहमीच्या खुंटीवर लावली.

हे सगळं मी मॅडमना सांगितलं. या वेळी लवंगेशिवाय. त्यांनी मला एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "आबा राहायचे कुठं?"

"गावीच की."

"मग गावाला कुठून गेले?"

मी गप्प बसलो. फुकट.

पुढच्या शनिवारी मॅडमनी दादाला आणि अक्काला बोलावून घेतलं. दत्ताला खाली अब्बांपाशी कापूस विंचरायला बसवलं. अक्का जिना चढताना प्रत्येक पायरीला नांदेडला नावं ठेवत होती. वर आली, गादी दाबून बघितली, "कापूस चांगला हाय" असं म्हणाली आणि बसली. मॅडमनी सांगितलं, दत्तात्रयरावांना बाहेरचं काही नाही. ते वाट बघतायत. जो पिशवी घेऊन जातो तो परत येत नाही, असं त्यांना वाटतंय. त्यांना खरं सांगा.

"त्याला काय कळतंय मरन?" अक्का म्हणाली.

"आपल्याला तरी काय कळलंय, आपा? तरी आपल्याला कुणीतरी सांगितलंच ना."

अक्काला 'आपा' म्हटलेलं आवडलं की नाही, कळलं नाही. ती पदर ओढून घेत म्हणाली, "तुमचं शिक्षान मोठं हाय. पन लेकरू आमचं हाय."

"म्हणूनच मी नाही सांगणार. तुम्हीच सांगायचं."

दादा तोवर गप्प होता. तो म्हणाला, "आन् सांगितल्यावर तो आनखीच बिथरला तर?"

"आत्ता काय शांत आहेत?"

दादा खाली बघायला लागला. मग त्यानं खरी गोष्ट काढली. "मॅडम, दिवाळीनंतर त्याला तिकडं सोडायचं ठरलंय. आता कशाला त्याला हे दुखनं द्यायचं?"

मॅडम कधी नव्हे ते ताडकन बोलल्या. "दादासाहेब, तिकडं सोडून येताना त्यांना काय सांगणार? मी गावाला जाऊन येतो?"

खाली मशीन चालू होतं. दादा गादीचा टाका नखानं उसवत राहिला. थोड्या वेळानं मॅडमचा आवाज खाली आला. त्या म्हणाल्या, "मी बरं होईल असा वादा नाही करत. दिवाळीपर्यंत वेळ आहे. सांगून बघा. मग काय ते तुम्ही ठरवा."

आणि मग त्यांनी आमची तालीम घेतली. माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात अवघड तालीम. त्यांची अट एकच होती. 'मेले' म्हणायचं. गेले नाही, वारले नाही, देवाघरी नाही. गेलेला माणूस येतो. देवाच्या घराचा पत्ता दत्तात्रयराव विचारतील.

"काका, तुम्ही बोलके आहात. म्हणा बघू."

मी घसा साफ केला. "आबांचं दुःखद निधन..."

"हे पेपरात."

"आबा आपल्यातून..."

"कुठं?"

"आबांना देवाज्ञा..."

"काका."

जगातली कुठलीही गोष्ट तीन प्रकारे सांगू शकणारा मी, मला ते दोन शब्दांचं वाक्य उचलेना.  मी बघत बसलो, आणि तेवढ्यात दादा, जो आबांच्या चितेपाशीही रडला नव्हता, पाहुण्यांची जेवणं बघत फिरत होता, तो माझ्या शेजारून हळूच म्हणाला, "आबा मेले." आणि हमसून हमसून रडायला लागला. अक्कानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तीही. मग मीही. मॅडमनी कुणाला पाणी दिलं नाही, कुणाला उगी-उगी केलं नाही. मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या. आमच्यासाठीसुद्धा त्या तशाच थांबल्या, हे मला घरी गेल्यावर सुचलं.

आमच्या शेताच्या बांधाला आबांना अग्नी दिला होता. तिथं छोटा ओटा बांधलाय. पुढच्या रविवारी सकाळी दादा, वहिनी, अक्का, मी आणि दत्ता तिथं गेलो. मॅडम नांदेडहून पहाटे निघून आल्या होत्या. फाट्यावर जीप उशिरा आली म्हणून जीपवाल्याला झापून, लालबुंद होऊन आल्या होत्या. पण ओट्यापासून लांब, बाभळीखाली बसल्या. मला वाटलं होतं त्या पुढं होतील. त्या भुईमुगाच्या शेंगा सोलून खात बसल्या.

दादानं दत्ताचा हात धरला. "दत्ता. आबा मेले. दवाखान्यात मेले. मंग आपन त्येंना हितं जाळलं. आता ते परत येनार न्हाईत."

दत्ता ओट्याकडं बघत राहिला. आम्ही थांबलो. थांबायला शिकलो होतो.

"भाजलं?" दत्तानं विचारलं.

दादानं बाभळीकडं बघितलं. मॅडमनी शेंग सोलली. मग दादाच म्हणाला, "न्हाई. मेल्यावर दुखत न्हाई. काहीच न्हाई दुखत."

"भूक?"

"भूक बी न्हाई."

दत्ता खाली बसला. ओट्यावर हात फिरवला, जसा म्हशीच्या पाठीवर फिरवतो तसा. बऱ्याच वेळानं म्हणाला, "मी वाट बघून राहिलो."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. अक्का, आमच्या घरात जिनं आजवर कुणापुढं चूक कबूल केलेली नाही, ती त्याच्याजवळ बसली आणि म्हणाली, "व्हय रं माझ्या राजा. आमी सांगितलंच न्हाई तुला."

खुंटीवरची पिशवी दादानं बरोबर आणली होती. ती काय करायची ते मॅडमनी सांगितलं नव्हतं, दत्तालाच विचारा म्हणाल्या होत्या. मला वाटत होतं पुरावी, अक्काला वाटत होतं नदीला सोडावी. दत्ता म्हणाला, "माजी," आणि खांद्याला लावून घरी निघाला. पुढं तो ती घेऊन सरपणाला जायचा. तीत भाकरी न्यायचा.

गोष्टीत असतं तसं त्या दिवसापासून सगळं ठीक झालं, असं मी लग्नाच्या मांडवात सांगतो. तिथं लोकांना जेवायची घाई असते. खरं असं की पुढच्याच आठवड्यात त्यानं पुन्हा कपाळ फोडून घेतलं. मग थोडं कमी. मग वहिनी बाजाराला निघाल्या की तो विचारायला लागला, "मरनार?" वहिनी म्हणायच्या, "न्हाई रं, मिरच्या आनायला चालले." आधी वहिनींना ते अपशकुनी वाटायचं. मग सवय झाली. दिवाळी आली, दत्तानं नवे सदरे घातले, दिवाळी गेली. दादानं संस्थेचं नाव काढलं नाही. वहिनींनी एकदा विचारलं तर म्हणाला, "शेतावर मानूस लागतंय ना." तेवढ्यावर तो विषय मिटला.

शनिवारची नांदेडवारी मात्र आम्ही चालू ठेवली. मॅडमही चुकायच्या. त्यांनी एकदा हट्ट धरला की दत्तात्रयरावांनी कंडक्टरला स्वतः तिकीट मागावं. दत्तानं मागितलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, पुन्हा. तो लोडामागं जाऊन बसला आणि बाहेर येईना. तेव्हा मॅडम लोडापाशी जाऊन म्हणाल्या, "दत्तात्रयराव, चूक माझी झाली. मी घाई केली." लोडामागून तोंड बाहेर आलं. त्याला हे इतकं आवडलं की पुढं कित्येक शनिवार आल्या-आल्या तो फर्मान सोडायचा, "चूक म्हना." मॅडम म्हणायच्या. अक्कालाही तो घरी तेच सांगून बघायचा, पण अक्काचं एकदाच काय ते झालं होतं.

मग एके दिवशी मॅडमनी मला खाली दुकानात थांबवून सांगितलं, मी किनवटला चाललेय. तिकडच्या आश्रमशाळांच्या वसतिगृहांत अशी बरीच मुलं आहेत, मास्तरांना वाटतं ती आळशी आहेत. तिथंच खोली घेतेय. नांदेडचं बंद. अब्बा माझ्या भावाकडं राहतील. अब्बा गादी शिवता-शिवता म्हणाले, "जंगल में रहती बोलती. वहाँ रिक्षा नै, किस पे चिल्लाती?"

 मी म्हणालो, "मॅडम, दत्ताला एवढ्यात सांगू नका. मी त्याला सावकाश, समजावून..."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यानं मी आयुष्यात दुसऱ्यांदा फुकट गप्प बसलो.

वर जाऊन त्या दत्तासमोर बसल्या. "दत्तात्रयराव, मी नांदेड सोडून चालले. आगगाडीनं, किनवटला. पुढच्या शनिवारी मी इथं नसेन. त्याच्या पुढच्यालाही नसेन."

दत्तानं विचार केला. "मेल्या?"

"नाही. मी जिवंत आहे. लांब राहणार."

"भूक?"

"लागणार. रोज लागणार."

"परत?"

मला वाटलं, आता म्हणतील, येईन ना, लवकरच येईन. कुणीही म्हणालं असतं. मॅडम स्वतःशी थांबल्या, जशा दुसऱ्यांसाठी थांबायच्या तशा. मग म्हणाल्या, "माहीत नाही. आले तर सांगून येईन."

दत्ता चौकटीकडं बघायला लागला. माझा हात उशीकडं गेला. तो उठला, दारापर्यंत गेला, चौकटीवर तळहात टेकून उभा राहिला. मग परत येऊन बसला आणि म्हणाला, "मी येतो टेसनला."

त्या निघाल्या त्या दिवशी आम्ही तिघं, दादा, दत्ता आणि मी, नांदेड स्टेशनवर गेलो. गाडी लागलेली होती, सुटायला वेळ होता, आणि मॅडम अर्थातच गाडी वेळेवर का सुटत नाही म्हणून एका पोर्टरला विचारत होत्या. सामान फार नव्हतं. एक ट्रंक, एक गुंडाळलेली गादी, अब्बांनी दिलेली, आणि एक मोठी पिशवी. दादानं ट्रंक घेतली, मी गादी. पिशवीला मी हात घालणार तोच दत्तानं ती उचलली. मी आणि दादा एकमेकांकडं बघत उभे राहिलो. त्यानं ती खांद्याला लावली, डब्यात चढला, खिडकीशी जागा बघितली, पिशवी आत सरकवून ठेवली आणि तिच्यावर दोनदा थापटलं. मग खाली उतरला.

गाडी हलली. मॅडम खिडकीत बसल्या होत्या, चष्मा कपाळावर, गजाला दोन्ही हातांनी धरून.   दत्ता चालत्या गाडीबरोबर चार पावलं गेला आणि आपलं आपण थांबला.

शेवटचा डबा गेल्यावर तो आमच्याकडं वळला. "मॅडम गेल्या," तो दादाला समजावून सांगत म्हणाला. "मेल्या न्हाईत."